एमएसची गोळी आणि पाकिटावरचं १-०-१

"दहीभातात कालवून खाल्ली, काका. गिळतच न्हाई बघा ती."

खानापूरकडच्या एक बाई काउंटरवर उभ्या होत्या. पस्तिशीच्या असतील. बरोबर नवरा, त्याच्या हातात फाईल कोंबलेली पिशवी. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी माझ्याच दुकानातून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू-नसांच्या आजारावरच्या कॅप्सूल नेल्या होत्या, डायमिथाइल फ्युमरेट नावाच्या. कॅप्सूल घशाखाली उतरेना. मग रोज सकाळ-संध्याकाळ टोपण काढायचं, आतले दाणे भातावर टाकायचे, कालवायचे आणि खायचे. वर पोटात आग, मळमळ, दोनदा उलटी. आता गोळी बंद करावी का, एवढंच विचारायला त्या बस धरून बेळगावात आल्या होत्या.

मी पाकीट हातात घेतलं. माझ्याच अक्षरात १-०-१ लिहिलेलं, खाली "जेवणानंतर". "न उघडता अख्खी गिळा" हे मी लिहिलंही नव्हतं आणि तोंडानं सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, पण ते काही कारण नव्हे.

त्या कॅप्सूलमधल्या प्रत्येक बारीक दाण्यावर एक मुलामा असतो. जठरातल्या आम्लात तो टिकतो आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतो. भाताबरोबर दाणे दाताखाली फुटले की औषध थेट जठराच्या अस्तरावर सांडतं. म्हणून ही कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. गिळवतच नसेल तर डॉक्टरांना तसं सांगायचं, दुसऱ्या गोळ्या आहेत. बाईंनी ते सांगितलं नव्हतं, कारण गिळता येत नाही ही डॉक्टरांपुढे बोलायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही.

तेव्हापासून एमएसची गोळी नेणाऱ्याला मी बाकावर बसवतो आणि पंधरा मिनिटं त्याचं डोकं खातो. तेच इथं सविस्तर लिहितोय. (एमएस म्हटल्यावर आमच्याकडे पुष्कळांना डॉक्टरच्या पाटीवरची सर्जनची पदवी आठवते. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "पोराला एमएस झालंय म्हणजे ऑपरेशन करायचं काय?" तेव्हा नावापासूनच सुरुवात करावी लागते.)

उसाच्या रानात मोटारीची केबल उंदरानं कुरतडली की काय होतं, हे चिकोडी-रायबागकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आतली तार शाबूत असते, वरचं वेष्टण गेलेलं असतं. मोटार कधी चालते, कधी झटके देते, कधी ट्रिप होते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतल्या तारांवर असंच मायलिन नावाचं वेष्टण असतं. एमएसमध्ये ते कुरतडणारे बाहेरून आलेले नसतात. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी हे शरीराचे राखणदार, आणि तेच मायलिनला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. वेष्टण कुठं गेलं त्यावर त्रास ठरतो. कुणाला एका डोळ्यानं धूसर दिसतं, कुणाचा पाय जड होतो, कुणाला कमरेखाली मुंग्या येतात, कुणाला लघवी आवरत नाही. आणि दमणूक तर अशी, की बसल्या जागेवरून उठवत नाही. घरच्यांना ती आळस वाटते.

एमएसची मुख्य गोळी या राखणदारांना आवरते. एक त्यांना शांत करते, दुसरी त्यांना लसिकाग्रंथींत कोंडून ठेवते, तिसरी त्यांची पैदास कमी करते. गेलेलं वेष्टण मात्र कुठलीच गोळी पुन्हा चढवत नाही. म्हणून गोळी सुरू करूनही माणसाला बरं वाटत नाही. पाय जड होता तो जडच राहतो. या गोळीचा फायदा म्हणजे पुढच्या वर्षी येणारा अटॅक (हृदयाचा नव्हे, एमएसचा, म्हणजे नवा त्रास उसळणं) न येणं, आणि न आलेला अटॅक कुणाला दिसणार? तिचं नुकसानही तसंच चोरपावलांनी येतं. पांढऱ्या पेशी घटल्या किंवा यकृतावर ताण आला, तरी पुष्कळ दिवस अंगात काहीच जाणवत नाही. डोकेदुखीच्या गोळीचा हिशेब "वाटतंय-वाटत नाही" यावर चालतो, हिचा चालत नाही. रक्ततपासणी हा या औषधाचाच अर्धा भाग धरायचा. गोळी चालू आणि तपासणी बंद, म्हणजे अर्धंच औषध घेतल्यासारखं.

एका फाईलमध्ये तीन तऱ्हेची औषधं असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. अटॅक आला की सलाईनमधून स्टेरॉइड देतात, साधारण रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ३ ते ५ दिवस. चार-आठ दिवसांत फरक दिसतो, मग माणूस म्हणतो, "सलाईन भारी, गोळी बेकार." पुढे थोडं काही झालं की जुनी चिठ्ठी घेऊन स्टेरॉइडच्या गोळ्या मागायला येतो. मी देत नाही, मग शिव्या खातो. दुसरी तऱ्हा त्रासावरच्या गोळ्यांची. बॅक्लोफेन पायाचा ताठरपणा कमी करते, पण ती एकदम बंद केली तर भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, त्यामुळे ती हळूहळूच उतरवायची. चालण्यासाठीची फॅम्प्रिडीन १० मिलिग्रॅमची, बारा-बारा तासांनी. एक चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेतल्या तर फिट येण्याचा धोका. मूत्रपिंड मध्यम किंवा जास्त कमजोर असेल तर ती मुळातच द्यायची नसते. तिसरी तऱ्हा म्हणजे वर सांगितलेली राखणदार आवरणारी गोळी. वर्षानुवर्षं चालते ती हीच, आणि लोक मध्येच सोडतात तीही हीच.

बाईंच्या कॅप्सूलपासूनच सुरू करू. डायमिथाइल फ्युमरेट पहिले ७ दिवस १२० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मग २४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दोन्ही पाकिटं एकदमच मिळतात आणि दिसायलाही सारखीच असतात, तेव्हा घरी गेल्यावर एकावर मोठ्या अक्षरात "आधी" आणि दुसऱ्यावर "नंतर" लिहून टाका. गोळी घेतल्यावर थोड्या वेळानं चेहरा, मान, छाती लाल होते, तापते, खाजते. चाचण्यांमध्ये शंभरातल्या सुमारे चाळीस जणांना हे झालं होतं. ही सहसा अ‍ॅलर्जी नसते आणि बहुतेकांचा त्रास पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो. पण ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर ती अ‍ॅलर्जीच समजून दवाखाना गाठायचा.

हा लालपणा आणि पोटातली आग दोन्हींवर पहिला उपाय ताटातला आहे. नुसत्या चहाबरोबर गोळी घ्यायची नाही. उप्पीटाची अर्धी बशीही पुरत नाही. पोटात थोडं तेल-तूप आणि प्रथिन असलेलं बरं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही; नाहीतर अंडं, नाहीतर डाळ-भातावर तुपाची धार. जेवून झाल्यावर गोळी शोधत बसण्यापेक्षा ती ताटाशेजारीच ठेवून जेवायला बसावं. लालपणा फार असेल तर डॉक्टर कधी कधी अर्धा तास आधी अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगतात. ते त्यांनीच सांगायचं, कारण अ‍ॅस्पिरिन प्रत्येकाच्या पोटाला चालत नाही.

इथून गोवा जवळ, म्हणून हेही सांगतो. ३० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली दारू या कॅप्सूलच्या वेळेस मोठ्या प्रमाणात घेऊ नका, असं युरोपातल्या औषध-सूचनेत लिहिलेलं आहे, कारण मुलामा लवकर विरघळून पोटाचा त्रास वाढतो. फेणी ४० टक्क्यांच्या वर असते.

गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. दोन गोळ्यांमध्ये किमान ४ तास राहत असतील तर विसरलेली घेता येते, नाहीतर सोडून द्यायची.

आता रक्ताचा रिपोर्ट. हे नीट वाचा, कारण माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक फाईल इथं अडखळते. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर "लिम्फोसाइट १५ टक्के" असं दिसतं आणि शेजारी नॉर्मलचा आकडा २० ते ४० टक्के. कुणी म्हणतं, थोडंच कमी आहे, चालतंय. पण इथं टक्क्यावर भागत नाही, प्रत्यक्ष आकडा लागतो. वरच्या ओळीत एकूण पांढऱ्या पेशी ४,००० असतील तर ४,००० च्या १५ टक्के म्हणजे ६००. हा आकडा खरा. काही लॅब तो "अ‍ॅब्सोल्यूट लिम्फोसाइट काउंट" म्हणून वेगळा छापतात, काही ०.६ असा लिहितात, म्हणजेच ६००. धडधाकट माणसात तो साधारण १,००० च्या वर असतो. तो ५०० च्या खाली जाऊन सहा महिन्यांहून जास्त तिथंच राहिला, तर ही गोळी थांबवायचा विचार डॉक्टर करतात. गोळी सुरू करण्याआधी सीबीसी हवीच. नंतर युरोपातल्या सूचनेनुसार दर ३ महिन्यांनी, अमेरिकेतल्या सूचनेनुसार ६ महिन्यांनी आणि मग दर ६ ते १२ महिन्यांनी. तुमच्या डॉक्टरांनी जे अंतर सांगितलं असेल तेच धरा, फक्त ते फाईलीवर तारखेनिशी लिहून घ्या.

या आकड्याला एवढं जपायचं कारण जेसी नावाचा एक विषाणू. तो पुष्कळांच्या अंगात निमूट झोपलेला असतो. राखणदार फारच कमी झाले की क्वचित तो मेंदूत डोकं वर काढतो आणि पीएमएल नावाचा गंभीर आजार होतो. एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, नीट न दिसणं, माणूस विचित्र वागू लागणं, हे सगळं काही दिवसांत-आठवड्यांत वाढत जातं. दिसायला ते एमएसच्या अटॅकसारखंच असतं, म्हणून घरच्या घरी "परत तेच आलंय" असं ठरवून टाकायचं नाही.

फिंगोलिमॉडची तऱ्हा वेगळी. एमएसचा आजार आवरणाऱ्या औषधांत अमेरिकेत मान्यता मिळालेली ही पहिली तोंडी गोळी, साल २०१०. मूळ रेणू एका बुरशीतून निघाला, जपानी संशोधकांनी त्यावरून औषध घडवलं. मोठ्यांना रोज एकच, ०.५ मिलिग्रॅम. पण पहिली गोळी घरी घ्यायची नाही. ती नाडी मंद करते, म्हणून दवाखान्यात गोळी दिल्यावर ६ तास बसवून ठेवतात, दर तासाला नाडी आणि बीपी बघतात, आधी आणि शेवटी ईसीजी काढतात. अथणीहून आलेल्या माणसाला "एका गोळीसाठी अख्खा दिवस?" असं वाटतं. हो, अख्खा दिवस. डबा घेऊन यायचं. हृदयाची किंवा बीपीची आधीची एकही गोळी लपवायची नाही, नाडी मंद करणारी तर मुळीच नाही.

ही गोळी मध्ये तुटली तर पुन्हा आपल्या मनानं सुरू करता येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवस चुकला, किंवा महिन्यानंतर सलग दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला, तर पुन्हा पहिल्या दिवसासारखंच दवाखान्यात बसून सुरुवात. कारखान्याच्या सीझनला ऊसतोडीला गेलं, गोळ्या घरी राहिल्या, परत येऊन डबीतली एक तोंडात टाकली, असं इथं चालत नाही. डोळ्याची तपासणी सुरू करताना आणि मग ३-४ महिन्यांनी करायची, कारण पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते. मधुमेह असेल तर जास्तच लक्ष हवं.

आणि कांजिण्या. आपल्याकडे अंगावर फोड आले की "देवी आली" म्हणून औषधं बंद, दवाखाना बंद, दाराला कडुलिंब. कडुलिंब लावा, माझी हरकत नाही. पण फिंगोलिमॉडवर असलेल्या माणसाला कांजिण्या जीवघेण्या ठरू शकतात. म्हणून गोळीआधी कांजिण्यांची प्रतिपिंडं तपासतात आणि नसतील तर आधी लस देऊन महिनाभर थांबतात. गोळी सुरू झाल्यावर जिवंत विषाणूच्या लसी चालत नाहीत. घरात कुणाला कांजिण्या आल्या तर देवीची वाट बघत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

टेरिफ्लुनोमाइड रोज एक, जेवणाआधी-नंतर कधीही. सोपी वाटते, पण तिच्या दोन अटी फार कडक आहेत. पहिली यकृताची: सुरू करण्याआधी तपासणी आणि पुढचे सहा महिने निदान दर महिन्याला एक. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर गोळी थांबवून तपासणी. आपल्याकडे कावीळ म्हटली की गावातलं झाडपाल्याचं औषध आधी आणि डॉक्टर नंतर. या गोळीवर ते उलटं करायचं. दुसरी अट गर्भाची. गर्भाला या गोळीनं इजा होऊ शकते, आणि गोळी थांबवली तरी ती अंगातून जायला सरासरी आठ महिने, कुणाकुणाला दोन वर्षंही लागतात. मूल हवं असेल किंवा चुकून दिवस गेले असतील, तर कोलेस्टिरामिन नावाची पूड ११ दिवस देऊन ती लवकर काढून टाकता येते. म्हणजे बाळाचा विचार मनात आल्यावर पहिली भेट न्यूरोलॉजिस्टची. नव्या सुनेला सासूबाईंसमोर हे बोलता येत नाही, मला कळतं. मी अशा वेळी सासूबाईंना बीपी मोजायला आत बोलावतो. (बीपी तशीही मोजायला हवीच, या गोळीनं ती वाढते, पण सूनबाईची.) संधिवातावरची लेफ्लुनोमाइड अंगात गेल्यावर हीच बनते, तेव्हा दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत.

या गोळ्यांच्या आधी डॉक्टर क्षयरोगाची चौकशी किंवा तपासणी करतात, ती टाळू नका. लहानपणी घरात कुणाला टीबी झाला होता हे सांगायला लाजू नका.

आता गुळवेल. कोविडनंतर घरोघरी तिचा काढा आला आणि अजून गेला नाही. एमएसच्या माणसाला नातेवाईक प्रेमानं सांगतात, "प्रतिकारशक्ती वाढव." अहो, त्याची प्रतिकारशक्तीच चुकीच्या दिशेनं धावतेय, तिला आवरायला तर तो गोळी घेतोय. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. त्या वादात मी पडत नाही. टेरिफ्लुनोमाइडवर असलेल्या माणसानं काढा घ्यायचा की नाही, एवढ्यापुरतं माझं उत्तर नाही असंच आहे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "बरं वाटतंय, आता बंद करू?" बरं वाटतंय याचा अर्थ गोळी तिचं काम करत असण्याची शक्यता आहे. फिंगोलिमॉड थांबवल्यावर काहींचा आजार आधीपेक्षा जोरात उसळतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं नोव्हेंबर २०१८ मध्ये दिला होता. पैसे हे कारण असेल तर पैसे असं स्पष्ट सांगा. जेनेरिक कंपन्यांच्या किमतींत फरक असतो, डॉक्टर औषध बदलूनही देऊ शकतात. दिवसाआड गोळी घेऊन पाकीट लांबवणं हा उपाय मी खूप पाहिलाय, आणि त्यात ना धड औषध होतं ना धड बचत.

उलटंही होतं. एप्रिल-मेमध्ये अथणी-कागवाडच्या उन्हात पाय लुळे पडतात, डोळा धूसर होतो, आणि माणूस घाबरून म्हणतो, गोळी लागू पडेना. उष्णतेनं जुन्या जखमा तात्पुरत्या बोलू लागतात. सावलीत बसलं, डोक्यावर पाणी घेतलं की तास-दोन तासांत उतरतं. नवा त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला आणि ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग नाही, तर अटॅकचा संशय घ्यायचा. ताप असेल तर आधी तापाचं कारण शोधायचं, विशेषतः या गोळ्यांवर असताना.

आमच्या भागाची एक खास अडचण आहे. न्यूरोलॉजिस्ट मिरजेचा किंवा कोल्हापूरचा, रक्त तपासलं संकेश्वरात, आणि रात्री उलट्या सुरू झाल्या की नेलं जवळच्या सरकारी दवाखान्यात, जिथले डॉक्टर बळ्ळारीकडून बदलून आलेले. डॉक्टर कन्नडात विचारतात "ऊट आद मेले?" (जेवण झाल्यावर?) आणि आपण नुसती मान हलवतो. त्या मानेचा अर्थ हो की नाही, कुणालाच कळत नाही. माहितीपत्रक इंग्रजीत, चिठ्ठी डॉक्टरी अक्षरात, फॉर्म कन्नडात. म्हणून मी एक कार्ड करायला लावतो, पोस्टकार्डाएवढं. त्यावर आजाराचं नाव, गोळीचं मूळ नाव (कंपनीचं नाही), किती मिलिग्रॅम, कधीपासून, शेवटचा लिम्फोसाइटचा आकडा आणि तारीख, इतर गोळ्या, अ‍ॅलर्जी, न्यूरोलॉजिस्टचा फोन. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. जाताजाता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. प्रमाणपत्राच्या अर्जालाही हेच कार्ड उपयोगी पडतं.

त्या खानापूरच्या बाईंनी डॉक्टरांना विचारून तीच गोळी चालू ठेवली. गिळायची युक्ती त्यांची त्यांनीच शोधली, आधी दोन घोट पाणी, मग मान किंचित पुढे झुकवून. कार्ड त्यांच्या मुलीनं लिहिलं, सातवीतल्या, कन्नड शाळेत जाणाऱ्या. गेल्या महिन्यात आल्या तेव्हा बटव्यातून काढून दाखवलं. सगळं मी सांगितल्याप्रमाणं होतं. फक्त सर्वात वर पोरीनं लाल स्केचपेननं एक ओळ आपल्या मनानं वाढवली होती: "कॅप्सूल तेरेयबेडि." उघडू नका.